भांडगावची साईट

"पंधरा दिवस!" मुजीब तांबोळीनं छाती फुगवून जाहीर केलं. "पंधरा दिवसांत दुसरी नोकरी लागली न्हाई तर नाव बदलीन!"

हे त्यानं अब्बांना ऐकवलं, अम्मीला ऐकवलं, धाकट्या बहिणीला, निखतला, ऐकवलं आणि दुकानात जळकी मोटर घेऊन आलेल्या दोन गिऱ्हाइकांनाही ऐकवलं. मुजीबच्या अब्बांचं, म्हणजे अमजदभाईंचं, तळेगाव ढमढेऱ्यात बाजाराच्या कडेला मोटर रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरची जळालेली मोटर उघडायची, जुनी तार ओढून काढायची, नवी भरायची. चाळीस वर्षांचं दुकान! इथं सकाळी बोललेलं वाक्य संध्याकाळी केंदूरला पोचतं. रेंज असो वा नसो.

चार महिने झाले. नाव अजून मुजीबच होतं.

पुण्यात खराडीच्या एका कंपनीत तो ज्युनिअर डेव्हलपर होता. चपला विकणाऱ्या एका गिऱ्हाइकाची वेबसाईट त्याच्याकडे होती. एका दुपारी त्यानं मेसेजची चाचणी घेतली. स्वतःच्याच नंबरवर एक मेसेज पाठवायचा होता: "हॅलो मुजीब, पोचला का रे?" तो गेला चाळीस हजार लोकांना! त्यातल्या कित्येकांनी "पोचला" असं उत्तरही दिलं. एका आजोबांनी "कोण मुजीब? जेवलास का?" अशी चौकशी केली. कंपनी मात्र एवढी प्रेमळ नव्हती. दुसऱ्या दिवशी चार मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला. एचआरच्या बाई हसून म्हणाल्या, "तुझ्या पुढच्या प्रवासाला..." आणि "शुभेच्छा" ऐकू यायच्या आत लॅपटॉप बंद पडला. पासवर्ड आधीच काढून घेतला होता.

घरी त्यानं वेगळंच सांगितलं. "अख्खी टीम कमी केली, अब्बा! एआय आला ना!"

अख्खी टीम जिथल्या तिथं होती. गेला होता एकटा मुजीब.

अब्बांनी मात्र पोराचा शब्द शिरसावंद्य मानला आणि दुकानात येईल त्याला सांगितला. "पोराची काय चूक न्हाई, आप्पा. त्यो एआय आलाय ना, त्यानं घालवली."

"कुठला हाय ह्यो?" जयसिंग आप्पांनी विचारलं. आप्पा म्हणजे केंदूरचे बागायतदार, सोसायटीचे संचालक, दर उन्हाळ्यात दोन मोटरी जाळणारं हक्काचं गिऱ्हाईक.

"अमेरिकेचा."

"बाहेरची लोकं येऊन आपल्या पोरांच्या पोटावर पाय देत्यात!" आप्पा कळवळून म्हणाले.

इकडं मुजीब दिवसभर अर्ज करत होता. उत्तरं पटापट यायची, अगदी दोन-दोन मिनिटांत! "तुमची माहिती वाचून आम्ही प्रभावित झालो. दुर्दैवानं..." पुढंपुढं तो पहिलं वाक्य सोडून थेट 'दुर्दैवानं'पासूनच वाचायला लागला. नवशिक्यांसाठी असलेल्या जागेला तीन वर्षांचा अनुभव मागायचे. एका कंपनीनं परीक्षा म्हणून त्याच्याकडून तीन दिवस एक पान बनवून घेतलं. ते पान पुढच्याच आठवड्यात त्यांच्या वेबसाईटवर झळकलं. मुजीब तेवढा झळकायचा राहिला!

अशात एक दिवस जयसिंग आप्पा मोटर न्यायला आले आणि कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुजीबकडे बघत म्हणाले, "का रं, तू डेव्हलपरच ना?"

"व्हय, आप्पा."

"मंग असा तोंड पाडून का बसलास? भांडगावला माझ्या साडूचा पोरगा हाय, माऊली. हायवेला ऑफिस. लई मोठा डेव्हलपर! त्याला साईटसाठी माणूस पायजेच हाय. लावू का फोन?"

हायवेच्या कडेचा डेव्हलपर म्हणजे शेताचे तुकडे पाडून प्लॉट विकणारा, एवढं मुजीबला कळत होतं. पण प्लॉटवाल्यांनाही हल्ली वेबसाईट लागतेच की! चार महिन्यांपूर्वी त्यानं नाक मुरडलं असतं. आता नाक मुरडायचंही त्राण नव्हतं.

"लावा," तो म्हणाला.

माऊलीशेठचं ऑफिस म्हणजे हॉटेलच्या वरचा एक गाळा. बाहेर बोर्ड: 'राजनंदिनी डेव्हलपर्स'. राजनंदिनी ही शेठची पाच वर्षांची मुलगी. आत काचेचं टेबल, त्यामागं पांढऱ्याशुभ्र कपड्यात शेठ, आणि भिंतीवर 'राजनंदिनी ग्रीन सिटी'चं चित्र. त्यात कारंजं, जलतरण तलाव आणि फुगे धरलेली दोन गोरी पोरं.

"आप्पांचा फोन आला हुता," शेठ म्हणाले. "आजवर किती साईट केल्यास?"

"तीन."

"तीन?" शेठ पुढं सरकले. "या वयात? कुठं कुठं?"

"एक कानपूरची, एक अहमदाबादची, एक दुबईची."

"दुबई!" शेठनी खालच्या हॉटेलात दोन स्पेशल चहा सांगितले. "मंग महिनोन् महिने तिकडंच राहावं लागत असंल?"

"नाही शेठ, सगळं घरी बसूनच केलं."

शेठ थक्क झाले. घरी बसून दुबईला साईट करणारा माणूस त्यांनी जन्मात बघितला नव्हता. "लेआउट येतो?"

"लेआउट तर मीच करायचो."

"हे बघ, आधीच्यानं आठ महिने घालवलं आन् साधं गेट उभं केलं न्हाई."

पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाईटवर पैसे भरायची सोय! मुजीबच्या डोळ्यात चमक आली. "गेट माझ्याकडं लागलं, शेठ. एका दिवसात बसवतो."

"दणकट पायजे. कुणीबी आत घुसतं."

"सिक्युरिटी एकदम कडक ठेवू. फक्त होस्टिंग बाहेरून घ्यावं लागंल."

"होर्डिंग? ते लावलंय की चौफुल्याला! येताना दिसलं न्हाई व्हय?"

मुजीब हसला. शेठला विनोदाची हौस दिसते, असं त्याला वाटलं. शेठही हसले. पोरगं हसतमुख हाय, असं त्यांना वाटलं. चहा आला.

"साईट किती दिवसांत उभी करशील?"

"दहा."

"दहा दिवसात!" शेठनी टेबलावर थाप मारली. "ठरलं! पुढच्या रविवारी अकरा वाजता उद्घाटन. आमदारसाहेबांना बोलावतो, बुकिंगवाल्यांना बोलावतो. तुझ्या घरच्यांनाबी आण!"

अशी नोकरी लागली! तळेगावात पेढे वाटले गेले. अब्बांनी दर गिऱ्हाइकाला सांगितलं, "दुबईची कामं केलेला माणूस हाय म्हणून घेतलं त्यांनी." जयसिंग आप्पा तर पेढा तोंडात असतानाच म्हणाले, "त्या अमेरिकावाल्याला म्हणावं, बघ!"

आणि मुजीबनं काम केलं. असं केलं की खराडीत अकरा महिन्यांत केलं नव्हतं! जेवणाचं ताट बाजूला निवायचं. चार महिन्यांचा सगळा कडवटपणा त्यानं त्या वेबसाईटमध्ये ओतला. तिचं एकेक बटण तो जुन्या मॅनेजरला डोळ्यांसमोर आणून बसवत होता. बघ, हे जमत नाही म्हणाला होतास ना? बघ!

शेठ एक दिवसाआड फोन करायचे. "कुठवर आलं?"

"नव्वद टक्के झालं, शेठ."

"लेका, लोकं म्हणत्यात तिकडं कोण दिसत न्हाई."

"सगळं लॅपटॉपवर चाललंय."

"बरं बरं." शेठना वाटायचं, माणसं रात्रीची लावली असतील. दुबईची पद्धत असेल! शिवाय ते स्वतः साहेबांच्या मागं पुण्याला पळत होते. जागेवर जायला वेळ कुणाला होता?

वेबसाईटवर मुजीबनं एक खास गोष्ट केली होती. शेठकडून मोजणीचा नकाशा मागवून घेऊन तो उपग्रहाच्या फोटोवर तंतोतंत बसवला. प्लॉटचा नंबर दाबायचा की तुमची जागा, तुमची माती, तुमच्या हद्दीतली बाभळसुद्धा दिसायची. मधून एक हिरवी-निळी वळणावळणाची पट्टी जात होती. ती काय आहे ते त्याला नीट कळलं नाही. ग्रीन सिटी आहे म्हटल्यावर हिरवं असणारच, असं म्हणून त्यानं त्या पट्टीतल्या प्लॉटांना 'जलदर्शन' असं नाव देऊन टाकलं. आणि सगळ्यात खाली, प्रत्येक पानावर, ठळक अक्षरात टाकलं: 'डेव्हलपर: मुजीब अमजद तांबोळी'. पुढं मोबाईल नंबर. एखाद्या कंपनीवाल्याची नजर पडली तर!

रविवार उजाडला. अब्बांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा रविवारी दुकान बंद ठेवलं. अम्मीचे गुडघे दुखत होते म्हणून ती आणि निखत घरी राहिल्या. अब्बा, मुजीब आणि जयसिंग आप्पा आप्पांच्या जीपमधून न्हावऱ्यावरून निघाले. मुजीबच्या मांडीवर लॅपटॉप, मागच्या सीटवर भाड्यानं घेतलेला मोठा टीव्ही.

जागेवर दीडशे माणसं जमली होती. मंडप होता, बँड होता, स्पीकर होता. आणि मंडपाच्या पलीकडं? कांदा काढलेलं उघडं रान! ना गेट, ना रस्ता, ना खांब. माऊलीशेठ मंडपाच्या टोकाला उभे राहून त्या रानाकडं असे बघत होते, जणू कुणी त्यांच्या डोळ्यांदेखत ग्रीन सिटी चोरून नेली असावी.

मुजीब धावत गेला. "शेठ, साईट तयार आहे! फक्त लाईव्ह करायची!"

"गेट कुठाय?"

"आत आहे. इथं दाबलं की उघडतं." त्यानं लॅपटॉप पुढं केला.

शेठनी लॅपटॉपकडं बघितलं. मुजीबकडं बघितलं. रानाकडं बघितलं. मग पुन्हा लॅपटॉपकडं. "आन् रस्ते?"

"कुठले रस्ते?"

आणि इथं दोघांनाही एकदमच सगळं कळलं. मुजीबला वाटलं, कांद्याच्या एखाद्या सरीत आडवं व्हावं. पण वेळ कुठं होता? साहेबांची गाडी हायवेवरून वळली होती! शेठ मुरलेला माणूस. घाम पुसत त्यांनी माईक उचलला. "तर मंडळी, आज आपण काळाच्या पुढं जाऊन डिजिटल उद्घाटन करतोय!"

टीव्ही लावला. साहेबांनी बटण दाबलं. कारंजं उडालं, गोरी पोरं पळाली, टाळ्या पडल्या. अब्बांचे डोळे भरून आले. एवढ्यावर थांबतं तर बरं झालं असतं, पण शेठना टाळ्या चढल्या! "सगळ्यांनी मोबाईल काढा! आपापला नंबर दाबा आन् आपापला प्लॉट बघा!"

दीडशे मोबाईल निघाले. साहेब पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. मंडपात बोटं नंबरांवर पडली. मग दौंडच्या गिताबाई, अंगणवाडीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, उठून उभ्या राहिल्या. "माझा बावीस नंबर. ह्यो वढ्यात दावतोय."

"माझाबी!"

"माझा तर पार मधोमध!"

"जलदर्शन काय, जलसमाधी म्हणा की!"

चौदापासून एकतीसपर्यंतचे सगळे प्लॉट ओढ्यात होते. शेठच्या कागदावरच्या नकाशात ओढा नव्हता. मुजीबच्या वेबसाईटमध्ये होता, पाण्यासकट! लोक उठले, खुर्च्या पडल्या. बँडवाल्यांना वाटलं, मिरवणूक निघाली. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

"काय माऊलीशेठ, वढा विकला व्हय आम्हाला?"

माऊलीशेठनी टीव्हीकडं बोट केलं. "माझ्यावर का वरडताय? खाली काय लिव्हलंय ते वाचा! डेव्हलपर कोण? मुजीब तांबोळी! मी नुसता जागा दावणारा!"

दीडशे माना मुजीबकडं वळल्या. त्या गोंधळात शेठची पांढरी गाडी हायवेला कधी लागली ते कुणी बघितलं नाही. जयसिंग आप्पांनाही एकाएकी उसाला पाणी द्यायचं आठवलं. ते जीप घेऊन गेले. टीव्ही तेवढा मंडपात राहिला.

कुणीतरी पोलिसांना फोन केला होता, ते बरं झालं. मुजीब, अब्बा आणि मागोमाग सत्तर-ऐंशी माणसं अशी वरात ठाण्यावर पोचली. तिथं पूनम मॅडम ड्युटीवर होत्या. त्यांनी गिताबाईंना पाणी दिलं आणि मुजीबला समोर बसवलं.

"तूच डेव्हलपर?"

"हो. म्हणजे नाही. म्हणजे तसला नाही."

"वेबसाईटवर तुझं नाव आहे."

"ते वेबसाईटचा डेव्हलपर म्हणून."

"तेच विचारतेय मी. डेव्हलपर ना?"

"मॅडम, मी कॉम्प्युटरवाला आहे! मला जमिनीतलं काही कळत नाही!"

"असं सगळेच म्हणतात. मोबाईल दाखव."

मोबाईलमध्ये काय होतं? बायोडेटा: डेव्हलपर. नोकरीच्या साईटवरचं पान: डेव्हलपर, त्याखाली हात बांधून काढलेला फोटो. सर्टिफिकेटं: डेव्हलपर, डेव्हलपर, डेव्हलपर. आपण कसे पक्के डेव्हलपर आहोत याचे पुरावे तो चार महिने गोळा करत बसला होता. दारात उभे असलेले लोक ते मान उंच करून वाचत होते आणि प्रत्येक पुराव्यागणिक त्यांचा आवाज चढत होता.

उलटा पुरावा एकच होता. खराडीच्या कंपनीचं कमी केल्याचं पत्र. ते मेलमध्ये खोल कुठंतरी पडून होतं. आणि शेजारच्या खुर्चीत अब्बा बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. "माझं पोरगं तसलं न्हाई वो, मॅडम," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मुजीबनं अब्बांकडं बघितलं. दाराकडं बघितलं. मग पत्र उघडून मोबाईल मॅडमच्या हातात दिला आणि मान खाली घातली.

पूनम मॅडमनी आधी मनात वाचलं. मग दाराशी जाऊन लोकांना ऐकू जाईल अशा खणखणीत मराठीत सांगितलं. "ऐका! खराडीच्या कंपनीचं पत्र आहे. 'मुजीब अमजद तांबोळी यांना वारंवार समजावूनही त्यांच्या कामात सुधारणा झाली नाही. डेव्हलपर या पदासाठी लागणारं किमान कौशल्य त्यांच्यात आढळलं नाही. सबब फक्त त्यांना एकट्याला सेवेतून कमी करण्यात येत आहे.'"

"म्हंजी ह्याला डेव्हलपमेंट येतच न्हाई?" मागून कुणीतरी विचारलं.

"येत नाही."

"लेखी हाय?"

"लेखी आहे."

लोकांचा राग एकदम निवला. मागं उभ्या असलेल्यांसाठी मॅडमनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग अजून एकदा, कारण दोघे जण चहाला गेले होते. "बिचारं," असं म्हणून गिताबाईंनी जाता जाता मुजीबच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यापेक्षा चार फटके परवडले असते! मॅडमनी शेठच्या नावानं तक्रार लिहून घेतली आणि मुजीबला जायला सांगितलं.

परतीची वाट एसटीनं. मांडीवर टीव्ही. चौफुल्यापासून न्हावऱ्यापर्यंत अब्बांनी टीव्हीची एक बाजू धरून ठेवली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "अख्खी टीम म्हणला हुतास."

"व्हय, अब्बा."

"किती जण हुते टीममधी?"

"नऊ."

"बाकीचे आठ?"

"हायती."

अब्बांनी बराच वेळ मान हलवली. "म्हंजी त्या अमेरिकेच्या माणसाला मी चार महिने फुकट शिव्या घातल्या."

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, पण वेबसाईट चालू होती! खाली नाव होतं, नंबर होता, आणि वेबसाईट बंद करायचा पासवर्ड मुजीबनं इतका कडक ठेवला होता की तो त्याला स्वतःलाच आठवेना. रोज फोन यायचे. फोन उचलला नाही की माणसं थेट दुकानात यायची. पाटसची, केडगावची, दौंडची. "डेव्हलपर कुठाय?"

शेवटी अब्बांनीच मार्ग काढला. त्यांनी ते पत्र छापून आणलं. निखतनं खाली सुवाच्य अक्षरात मराठी भाषांतर लिहिलं. अब्बांनी ते फ्रेम करून दुकानात दर्शनी भिंतीवर लावलं, रोज उदबत्ती लावतात त्या जागेच्या बरोबर खाली. आता कुणी विचारत आलं की ते मान वर न करता पक्कड त्या भिंतीकडं करतात. लोक वाचतात, हळहळतात आणि जातात. एकदोघं तर मोटरही भरून घेतात. भरतो मुजीब. सकाळी अर्ज, दुपारी तार.

परवा पाटसच्या विठाबाई आल्या. नातवासाठी अठरा नंबरचा प्लॉट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, सगळं पत्र सावकाश वाचलं. मग मुजीबकडं वळल्या.

"पत्र बेस हाय. पण खाली सही न्हाई कुणाची?"

"सही लागत न्हाई, आजी. कॉम्प्युटरनं काढलंय ते. आपोआप निघतं."

"म्हंजी माणसानं न्हाई लिव्हलं?"

"न्हाई."

विठाबाई विचारात पडल्या. इकडं तिकडं बघून मुजीबच्या अगदी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंग तुला काढलंय ते तिथल्या माणसांस्नी ठावंच न्हाई की! उद्या सकाळी जाऊन गुमान आपल्या खुर्चीवर बस."

मुजीब हसला. अब्बा हसले. विठाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या पिशवी उचलून निघून गेल्या.

आणि खरं सांगायचं तर, मोटरीत तार भरता भरता मुजीबनं खराडीला पहिली गाडी किती वाजता आहे, ते एकदा मोबाईलवर बघून घेतलं. उगाच आपलं!